‘गोवेकरांचे प्रतिनिधी’ म्हणजे कोणाचे? १८२२ च्या अभिमानावर काही आक्षेप

वारसा-फेरी असो, शाळेतले व्याख्यान असो, की जुन्या घराच्या बलकांवावर बसून केलेल्या गप्पा असोत, गोव्याच्या इतिहासाचा विषय निघाला की एक वाक्य हटकून ऐकू येते. ‘ब्रिटिश हिंदुस्थानात निवडणूक म्हणजे काय हे माहीत नव्हते, तेव्हा आम्हा गोवेकरांचे तीन प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेवर निवडून गेले होते.’ वाक्य ऐकायला छान वाटते. मी स्वतः ते कितीदा तरी म्हटले आहे. पण गेल्या पावसाळ्यात सत्तरीतल्या एका शाळेत मी हेच ऐटीत सांगत होतो, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “सर, मग आमच्या गावच्यांनी कोणाला मत घातले होते?”

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. हे टिपण म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि आपण सगळेच जी गोष्ट सांगतो तिच्यावरची टीकाही. टीकेत मी स्वतःला धरूनच बोलतो आहे.

आधी त्या वाक्यात खरे काय आहे ते मान्य करू. ऑगस्ट १८२० मध्ये पोर्तुगालातल्या पोर्तो शहरात उदारमतवाद्यांचा उठाव झाला. त्याची लाट गोव्याला पोचली ती १८२१ च्या सप्टेंबरात. व्हाइसरॉय कोंद द रियु पार्दु याला उतरवून तात्पुरते मंडळ नेमले गेले. कित्येक वर्षे बंद असलेली छपाई पुन्हा सुरू झाली आणि डिसेंबर १८२१ मध्ये ‘गाझेत द गोवा’ हे पहिले वर्तमानपत्र निघाले. लगेच पुढच्या महिन्यात, जानेवारी १८२२ मध्ये, निवडणूक झाली. नेवऱ्याचे बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह, मडगावचे कोंस्तांसियु रॉक द कॉस्त आणि आंतोनियु जुझे द लिम लैतांव असे तिघे निवडून आले. ब्रिटिश मुलुखाशी तुलना केली तर हे खरोखरच फार लवकर झाले. दादाभाई नौरोजी ब्रिटिश संसदेत गेले ते १८९२ साली, आणि तेही लंडनच्या फिन्सबरीतल्या इंग्रज मतदारांच्या मतांवर. हिंदुस्थानला वेस्टमिन्स्टरमध्ये एकही जागा कधी मिळाली नाही. तेव्हा ‘आधी आम्ही’ हा दावा साल-तारखेपुरता बरोबर आहे.

माझा आक्षेप ‘आम्हा गोवेकरांचे’ या दोन शब्दांवर आहे.

१८२२ चा गोवा एकजिनसी नव्हता. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादी तोवर सुमारे तीनशे वर्षे पोर्तुगीज अमलाखाली होत्या. तिथले चर्च, शाळा, कोर्टकचेरी आणि वरच्या घरांतली भाषा त्या राज्याच्या वळणाची झाली होती. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादी मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती लागलेल्या. १८२२ साली तिथल्या पुष्कळ घरांत ‘पाखले यायच्या आधीचे’ दिवस पाहिलेली माणसे जिवंत असणार. वस्ती बहुतांश हिंदू, बोली कोंकणी, आणि लिखापढी मराठी-मोडीतली. आता ते तिघे पाहा. दोघे जुन्या काबिजादींतले कॅथलिक, शिकलेल्या घरांतले. तिसरा, लिम लैतांव, जन्माने पोर्तुगीज, गोव्याचा सरकारी मुख्य वैद्य. नव्या काबिजादींतला एकही नाही, हिंदूही नाही. त्या मुलीचा प्रश्न आपल्या आवडत्या वाक्याला नेमका इथे अडवतो.

हे निव्वळ त्या एका निवडणुकीपुरते होते म्हणावे, तर पुढचे कायदे पाहा. १८२६ ची सनद ही पोर्तुगालची घटना पुढे बराच काळ चालली. तिच्यात मतदार व्हायला वर्षाला १०० मिल-रैश उत्पन्न लागे आणि प्रतिनिधी व्हायला ४००. घरगड्यांना मत नव्हते, बायकांना अर्थातच नव्हते. १८५२ पर्यंत निवडणूक दुहेरी होती, म्हणजे मतदारांनी निवडक माणसे निवडायची आणि त्यांनी प्रतिनिधी. मुंडकार, कुळे, गावडे, कुणबी, महार यांचा या हिशेबात प्रश्नच येत नाही. धर्माची गंमत तर आणखी वेगळी. सनदेने कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म ठरवला आणि इतर धर्मांची घरगुती उपासना ‘परदेशीयांना’ करू दिली. फोंड्याच्या देवळाचा महाजन राजाची प्रजा होता, कर भरत होता, तो परदेशी कुठला? पण त्याच्या देवाला कायद्यात जी जागा होती ती परदेशी माणसाच्या देवाची. धर्मावरून कोणाचा छळ करू नये असेही सनदेत होते, हे सांगायला हवे. तरी छळ न होणे आणि बरोबरीने बसवून घेणे यांत अंतर आहे.

दुसरा आक्षेप प्रतिनिधित्व आणि सत्ता यांची आपण जी गल्लत करतो तिच्यावर. १८२२ ला निवडून आलेल्यांच्या संसदेचे पुढे काय झाले, हे फेरीत कोणी सांगत नाही. लिस्बनचा प्रवास महिनोन्‌महिन्यांचा, आणि १८२३ मध्ये राजाने ती संसदच मोडीत काढली. बेर्नार्दु पेरिश यांची पुढची कथा तर या साऱ्या प्रकरणाचा खरा कस लावते. उदारमतवादी पुन्हा जिंकल्यावर १८३४ साली त्यांना गोव्याचे ‘प्रेफैतु’, म्हणजे मुलकी कारभाराचे मुख्य नेमण्यात आले. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमदानीत या पदावर बसलेला हा एकमेव गोवेकर. १४ जानेवारी १८३५ ला त्यांनी कारभार हाती घेतला आणि १ फेब्रुवारीला लष्कराने बंड करून त्यांना हाकलले. जेमतेम सतरा दिवस! ते मुंबईला गेले, मग काही काळ दमणमधून कारभार पाहिला, पुढे पुन्हा लिस्बनला प्रतिनिधी म्हणून गेले आणि १८४४ मध्ये वारले.

या सतरा दिवसांतून मला दिसते ते असे. गोव्याचा माणूस हजारो मैलांवरच्या सभागृहात बसून बोलतो, तोवर इथल्या गोऱ्या आणि मिश्र वर्गाच्या फौजी अधिकाऱ्यांना त्याचे फारसे वाटत नव्हते. तोच माणूस पणजीच्या वाड्यात बसून हुकूम काढू लागला, नोकऱ्यांना हात लावू लागला, की बंदुका बाहेर आल्या. तरीही १८२२ आपल्या भाषणांत दरवेळी येते आणि १८३५ क्वचितच. अभिमानाच्या गोष्टीला अपमानाचा शेवट जोडायला आपल्याला आवडत नाही, असे मला वाटते.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे. ‘मग फ्रान्सिश्कु लुईश गोमिश यांचे काय?’ प्रश्न रास्त आहे. नावेलीचे हे डॉक्टर १८६१ मध्ये लिस्बनच्या संसदेत गेले आणि १८६९ मध्ये बोटीवर मृत्यू येईपर्यंत गोव्याची बाजू मांडत राहिले. पणजीत कांपालच्या बागेत त्यांचा पुतळा आहे. त्यांच्या विद्वत्तेविषयी वा निष्ठेविषयी मला काडीची शंका नाही. परंतु संसदेत गेल्या गेल्या त्यांना कशावर बोलावे लागले ते बघा. समुद्रापलीकडच्या प्रांतांना संसदेत प्रतिनिधी असावेतच कशाला, असा सूर तिथे निघाला होता आणि तो खोडून काढण्यात त्यांचे पहिले भाषण खर्ची पडले. पहिल्या निवडणुकीला चाळीस वर्षे होत आली होती, तरी आपण या सभागृहात का बसलो आहोत हे गोव्याच्या माणसाला पटवून द्यावे लागत होते. गोमिशांचे मोठेपण त्यांनी ते काम उत्तम केले यात आहे. त्यांना ते करावे लागले, हे मात्र त्या व्यवस्थेचे मोठेपण म्हणता येणार नाही.

तिसरी गोष्ट घरच्या निवडणुकांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सासष्टीत दोन पक्ष होते, ‘पार्तिदु उल्त्रामारिनु’ आणि जुझे इनासियु द लॉयल यांचा ‘पार्तिदु इंदियानु’. कॅथलिक समाजातल्या बामण आणि चाड्डे यांची जुनी चुरसही त्यामागे होती. २१ सप्टेंबर १८९० ला मडगावात नगरपालिकेच्या निवडणुकीच्या दिवशी होली स्पिरिट चर्चच्या आवारात लोक जमले आणि फौजेने गोळीबार केला. मत द्यायला आलेली माणसे तिथे मेली. लॉयल यांना ब्रिटिश हद्दीत आसरा घ्यावा लागला. लिस्बनला प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क कागदावर असताना मडगावच्या चर्चसमोर आपली नगरपालिका निवडणे जिवावर बेतू शकत होते. मडगावच्या फेरीत आपण त्या चर्चसमोर थांबतो, दर्शनी भागाची वास्तुकला समजावून सांगतो, क्रुसाचा फोटो काढतो आणि पुढे सरकतो. माझ्या मते तिथे पाच मिनिटे जास्त थांबायला हवे.

आता सत्तरीकडे येतो, कारण प्रश्न तिथला होता. सत्तरीचे म्हणणे पणजीपर्यंत कसे पोचत होते? बंदुकीच्या आवाजाने. १८५२ मध्ये दिपाजी राणे यांनी उठाव करून नाणूसचा किल्ला घेतला. ते प्रकरण १८५५ पर्यंत चालले आणि सरकारला अखेर तडजोडीला यावे लागले. १८९५ मध्ये मोझांबिकला जायचा हुकूम मराठा शिपायांनी धुडकावला, ते सत्तरीत शिरले, दादा राण्यांचा उठाव त्यांना मिळाला, आणि तो निस्तरायला लिस्बनहून राजाचा भाऊ फौज घेऊन आला. ज्यांना मतपेटी मिळाली नव्हती त्यांचे ऐकून घ्यायला सरकारला असे भाग पडत होते. त्याखेरीज रोजचा मार्ग होता अर्जाचा. गांवकार, देसाई, महाजन मराठीतून अर्ज करीत आणि सरकारी दुभाषी ते पोर्तुगीजमध्ये उतरवत. माझ्या दृष्टीने नव्या काबिजादींच्या प्रतिनिधित्वाचा इतिहास लिहायचा तर तो या अर्जांतून लिहावा लागेल.

पण सांभाळून. आपल्या मराठी मंडळींत नेमकी उलटी चूक करण्याची खोड आहे. ‘त्या लिस्बनच्या निवडणुका म्हणजे किरिस्तावांचा मामला, आपली खरी लोकशाही गांवकारीत होती,’ असे काही जण छाती काढून सांगतात. १५२६ च्या आफोंसु मॅशियाच्या फोरालात गांवकारीचे रिवाज नोंदले गेले, ही संस्था जुनी आणि शहाणी होती, हे खरेच. पण गांवकार होता येई ते बापाकडून आलेल्या वंशाने. बायका बाहेर, त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या राबणारा मुंडकार बाहेर, अस्पृश्य तर वेशीच्याही बाहेर. राण्यांचे उठावही वतनदारांचे होते. त्यांत रयतेची दुःखे होती, तशी स्वतःच्या मोकाशाची, मानपानाची गाऱ्हाणीही होती. लिस्बनच्या प्रतिनिधीला ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न विचारायचा, तर गांवकाराला आणि राण्यालाही तोच विचारावा लागेल.

शेजारच्या ब्रिटिश मुलुखाशी आपण जी तुलना करतो तीही जरा नीट करू. बेळगाव जिल्ह्यातले वा रत्नागिरीतले लोक १८८२ नंतर, रिपनच्या धोरणामुळे, हळूहळू नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या निवडणुकांना सरावले. १८९२ च्या कायद्याने मुंबई कौन्सिलात आडवाटेने काही लोकनियुक्त नावे गेली, १९०९ मध्ये निवडणूक हा शब्द उघडपणे आला, १९१९ च्या कायद्याने थेट मतदान आले. मतदार मूठभरच. १९३५ च्या कायद्यानंतरही प्रांतिक मताधिकार सहा-सात माणसांत एकालाच होता. तेव्हा ‘इंग्रजांकडे लोकशाही होती’ हेही मिरवण्यात अर्थ नाही. मात्र तिथे एक गोष्ट झाली. १९१९ च्या सुधारणांच्या वेळी ब्राह्मणेतर चळवळीने उघड विचारले की, शिक्षण आणि मालमत्ता पाहून मत दिले तर निवडून कोण येणार? त्यातून मुंबई कौन्सिलात मराठा आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या गेल्या. तोडगा बरा की वाईट हा वाद वेगळा. ‘कोणाच्या नावाने कोण बसतो?’ हा प्रश्न तिथे चव्हाट्यावर आला, एवढे नक्की.

गोव्यात हिंदूंसाठी दार उघडले ते ५ ऑक्टोबर १९१० च्या गणराज्याने. १९११ मध्ये धर्म आणि राज्य वेगळे झाले, आणि पुढच्या काही वर्षांत मराठी शाळा, वाचनालये, वर्तमानपत्रे जी भराभर उभी राहिली ती उगाच नाही. आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी ‘रिपुब्लिक’ हा शब्द यायचा, १८२२ कधी यायचे नाही. ही उघडीप वीस वर्षे टिकली. १९३० मध्ये सालाझारच्या ‘आक्तु कोलोनियाल’ने वसाहती बाळगणे आणि तिथल्या ‘देशी’ लोकांना सुधारणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे जन्मजात कार्य ठरवले. त्याच जुलैत लुईश द मिनेझिश ब्रागांझ यांनी गोव्याच्या कायदेमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. वसाहतीच्या सभागृहातल्या खुर्चीचा इतका धीट उपयोग आपल्याकडे दुसऱ्या कोणी केल्याचे मला आठवत नाही. त्यानंतर एकपक्षीय राजवट. १९४५ ते १९४९ या काळात डॉ. फ्रोइलानु द मेलु यांच्यासारखा स्वतंत्र बाण्याचा माणूस लिस्बनच्या सभागृहात होता, पण तो अपवाद.

आणि इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. १९५१ मध्ये पोर्तुगालने ‘वसाहती’ हा शब्द खोडून ‘समुद्रापलीकडचे प्रांत’ असा शब्द घातला. १९५५ च्या डिसेंबरात तो संयुक्त राष्ट्रसंघात शिरला. तुमच्या ताब्यात स्वराज्य नसलेले प्रदेश कोणते, असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले की एकही नाही. त्या भूमिकेचा एक खांब हाच होता की गोव्यासारखे प्रांत राष्ट्राचे अंग आहेत आणि त्यांचे प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेत बसतात. १५ डिसेंबर १९६० च्या ठरावाने राष्ट्रसंघाच्या आमसभेने हे म्हणणे फेटाळले आणि गोव्याचे नाव स्वराज्य नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातले. म्हणजे आपण फेरीत जे वाक्य कौतुकाने बोलतो, जवळजवळ त्याच वाक्यावर गोवा ही वसाहतच नाही असे जगाला सांगितले जात होते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी हे ओझे त्या वाक्यावर आहे, आणि ते ठाऊक असल्याशिवाय ते उच्चारू नये असे मला वाटते.

मग १८२२ सांगूच नये काय? सांगावे, जरूर सांगावे. पेरिश, गोमिश, मिनेझिश ब्रागांझ ही माणसे साऱ्या गोव्याची आहेत, आणि मराठी माणसाने त्यांना ‘त्यांचे’ म्हणून बाजूला ठेवणे करंटेपणाचे होईल. फक्त गोष्ट अर्ध्यावर सोडू नये. नेवऱ्याला पेरिशांचे नाव काढले की सतरा दिवस सांगावेत. मडगावला चर्चसमोर २१ सप्टेंबर सांगावा. नाणूसला गेलो की मतपेटी नसलेल्या लोकांचे बोलणे कसे पोचत होते ते सांगावे. आणि शेवट ९ डिसेंबर १९६३ वर आणावा. त्या दिवशी गोव्यात प्रथमच प्रौढ मताधिकाराने विधानसभेची निवडणूक झाली. भाटकार आणि मुंडकार, बामण आणि गावडे, बाप्ये आणि बायका एकाच रांगेत उभे राहिले, आणि निकालात बहुजनांच्या पाठिंब्यावर दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. जुनी जाणती घराणी त्या निकालाने चक्रावून गेली. ज्यांची मते आजवर कोणी मोजलीच नव्हती, त्यांचा अंदाज त्यांना कुठून असणार?

मंडळातल्या सभासदांना एक विनंती. ज्यांच्या घरी माळ्यावर, पेटाऱ्यात गांवकारीचे कागद, मोडीतल्या अर्जांच्या नकला, जुन्या मतदार याद्यांची पाने असतील, त्यांनी ती उन्हात घालण्याआधी एकदा वाचून घ्यावीत. यादीत नावे किती, कोणत्या वाड्यावरची, कोणत्या आडनावांची, एवढे मोजले तरी पुष्कळ कळेल.

त्या शाळेत मी पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. त्या मुलीला सांगेन की, बाय, १८२२ साली तुझ्या गावच्यांना कोणी विचारलेच नव्हते. १९६३ साली तुझी पणजी मत घालायला गेली असेल. घरी विचारून ये.